पोलादात काय नाही, ते सांगणारा कण

बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग तार हातात घ्या. एकदा वाकवा, सहज वाकते. त्याच जागी उलटी वाकवा, पुन्हा सुलटी. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात येतं की ती जागा हट्टाला पेटली आहे. तार तिथे वाकायचं सोडून शेजारी वाकायला बघते. बोट लावलंत तर कोमटही लागेल. आणखी काही हिसके दिले की तुकडा हातात.

तारेत बाहेरून काही मिसळलं नाही, तिचं वजनही बदललं नाही. मग बदललं काय? पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांड्यावर मठारकाम करतात ते नुसत्या शोभेसाठी नाही. हातोडीच्या ठोक्यागणिक मऊ तांब्याचा पत्रा कडक होत जातो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो का कडक होतो, हे मात्र भौतिकशास्त्राला १९३४ पर्यंत धड सांगता येत नव्हतं.

लोखंडाचे अणू शिस्तीत बसलेले असतात. एक घन डोळ्यांपुढे आणा, त्याच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि मधोमध एक. घनाची बाजू ०.२८७ नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे साधारण तीन लाख अणू एका रांगेत मावतील. ही रचना जर खरोखर निर्दोष असती, तर तिचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला अफाट ताकद लागली असती; हिशेबाने निघणारा आकडा मऊ लोखंडाच्या प्रत्यक्षातल्या आकड्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा येतो. १९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर काढलं. थर एकदम सरकत नाही. लग्नाच्या हॉलमधली जड सतरंजी चार बोटं सरकवायची तर आपण ती अख्खी ओढत बसत नाही, एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती पायाने ढकलत दुसऱ्या टोकाला नेतो. धातूतल्या त्या सुरकुतीला डिसलोकेशन म्हणतात: अणूंचा एखादा अर्धवट थर जिथे मध्येच संपतो, ती रेषा.

तापवून सावकाश थंड केलेल्या, म्हणजे निवांत अवस्थेतल्या धातूच्या एका घन सेंटीमीटरात या रेषांची एकूण लांबी दहा किलोमीटरच्या घरात असू शकते. तोच तुकडा थंड असतानाच चांगला ठोकला, दाबला किंवा ओढला, की ती दहा लाख किलोमीटरच्या पुढे जाते. चंद्रावर जाऊन परत यायला पावणेआठ लाख पुरतात! साखरेच्या खड्यापेक्षा थोड्याच मोठ्या तुकड्यात एवढा गुंता. तो इतका वाढतो की सुरकुत्या एकमेकींत अडकून पुढे सरकेनाशा होतात. हट्टी तार ती हीच.

इथवरचं कुठल्याही धातुशास्त्राच्या पुस्तकात सापडतं. पुढचा भाग कमी सांगितला जातो. दोन डिसलोकेशन एकमेकांना छेदून गेले की त्यांच्या रेषेत एका अणूएवढी पायरी पडते. रेषा पुढे जायला मोकळी असते, पण काही पायऱ्यांना त्या दिशेने सरळ घसरता येत नाही. त्या फरफटत जातात आणि जाताना मागे अणूंच्या रिकाम्या जागा टाकत जातात. जिथे अणू असायला हवा तिथे नुसती जागा. इंग्रजीतून आलेला शब्द व्हेकन्सी, आणि तो नोकरीच्या जाहिरातीत असतो त्याच अर्थाने. जागा आहे, माणूस नाही.

या रिकाम्या जागा एका ठिकाणी थांबतही नाहीत. शेजारचा अणू त्यात उडी मारतो, त्याची जागा मोकळी होते, मग त्यात तिसरा. अशी ती पोकळी हिंडत राहते. शुद्ध लोखंडात हे हिंडणं उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच सुरू होतं. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही हवेत ठेवलेल्या शुद्ध लोखंडात सुट्या रिकाम्या जागा फार काळ सुट्या राहत नाहीत. काही डिसलोकेशनला किंवा धातू ज्या बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो त्यांच्या सीमेला जाऊन विरतात, काही एकमेकींना भेटून पाच-दहाचे, कधी आणखी मोठे पुंजके करतात. पोलादात कार्बन असतो, आणि कार्बनचा अणू रिकाम्या जागेला धरून बसतो. त्यामुळे तिथे हा प्रवास रखडतो. पुढे तडा कुठे पडणार, किरणोत्सर्गात पोलाद किती टिकणार, तापवल्यावर ते कधी मऊ पडणार, या सगळ्यात या बारक्या पोकळ्यांचा हात असतो.

प्रश्न असा की त्या बघायच्या कशा? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला डिसलोकेशनच्या रेषा छान दिसतात, मोठे पुंजकेही दिसतात. पण धातूच्या पोटातली एकेकटी रिकामी जागा त्यालाही सहसा निसटते, शिवाय नमुना इतका पातळ करावा लागतो की प्रकाशाच्या लहरीहूनही बारीक. क्ष-किरण अणूंची सरासरी शिस्त मोजतात. हजर असलेल्याचा फोटो निघतो, गैरहजर असलेल्याचा कसा काढणार?

त्यासाठी असा कण हवा, ज्याला अणूंची गर्दीच नकोशी वाटते.

पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी मांडलेल्या समीकरणातून एक आगंतुक बाहेर पडला: वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढंच, पण विद्युतभार धन. १९३१ मध्ये डिरॅक यांनी असा कण असायला हवा असं म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी कार्ल अँडरसन यांना तो पॅसाडेनामध्ये वैश्विक किरणांच्या एका छायाचित्रात उलट्या दिशेने वळताना सापडला. तोच पॉझिट्रॉन. कोणा नातेवाइकाचं पेट स्कॅन झालं असेल तर त्यातला ‘पी’ म्हणजे हाच. इलेक्ट्रॉनशी गाठ पडली की दोघंही नाहीसे होतात, आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होऊन साधारणपणे दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. इस्पितळात याच जोडीवरून कण कुठे संपला हे शोधतात. धातूच्या प्रयोगशाळेत प्रश्न वेगळा असतो: कधी संपला?

हा ‘कधी’ का महत्त्वाचा, ते बघू. पोलादात शिरलेला पॉझिट्रॉन पहिल्या काही पिकोसेकंदांतच सगळा वेग गमावून बसतो. (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी एक.) मग तो अणूंच्या मधल्या वाटांनी भटकत राहतो. तो स्वतः धन, अणूंची केंद्रकंही धन, त्यामुळे ती त्याला चारही बाजूंनी दूर लोटतात. अशात एखाद्या ठिकाणी अणूच नसला, तर लोटणारं एक केंद्रक कमी. पॉझिट्रॉनच्या दृष्टीने तो खळगा आहे. त्यात घरंगळला की बाहेर पडण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे उरत नाही. अडकला तो अडकलाच, शेवट तिथेच.

आता खळग्यात अणू नाही म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉनही नाहीत. आजूबाजूचे थोडे आत सांडतात तेवढेच. यात्रेच्या गर्दीत कोणाला तरी धक्का लागायला क्षण पुरतो, देवळामागच्या मोकळ्या पटांगणात तोच धक्का लागायला वेळ लागतो. खळग्यातला पॉझिट्रॉन म्हणून जास्त जगतो. निर्दोष लोखंडात त्याचं आयुष्य सरासरी ११० पिकोसेकंदांच्या जवळपास, डिसलोकेशनवर अडकला तर साधारण १६५, एका अणूच्या रिकाम्या जागेत १७५ च्या आसपास. अनेक रिकाम्या जागांचा पुंजका मिळाला तर २०० ओलांडून ३००, ४०० पर्यंतही. जागा जितकी मोठी, तितकं मरण लांबलेलं.

आणि अशी जागा शोधण्यात तो पटाईत आहे. एवढ्याशा आयुष्यात तो साधारण १०० नॅनोमीटरचा परिसर धुंडाळतो. १०० नॅनोमीटर बाजूच्या घनात लोखंडाचे साडेआठ कोटी अणू येतात. म्हणून दहा लाख अणूंमागे एक रिकामी जागा असली तरी त्याची चाहूल लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. अख्ख्या राज्यातून ११२ माणसं गायब व्हावीत आणि ते कोणाच्या तरी ध्यानात यावं, असा हा प्रकार.

उपकरण म्हणाल तर टेबलावर मावतं. पॉझिट्रॉन येतात सोडियम-२२ या किरणोत्सारी समस्थानिकातून, ज्याचं अर्धायुष्य २.६ वर्षं. त्याच्या क्षाराच्या द्रावणाचा थेंब काही मायक्रोमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर सुकवतात, वरून तसाच दुसरा पापुद्रा, आणि ही पुडी एकसारख्या दोन पोलादी चकत्यांच्या मध्ये. सँडविचच म्हणतात त्याला. सोडियम-२२ ची खुबी अशी की पॉझिट्रॉन सोडल्याबरोबर तो १२७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक गॅमा किरणही सोडतो. तो जन्माचा दाखला, ५११ चा किरण मृत्यूचा. दोन्ही बाजूंना गॅमा किरण टिपणारी दोन शोधक उपकरणं ठेवायची, एकाने घड्याळ सुरू करायचं, दुसऱ्याने थांबवायचं.

इथे दोन शंका यायलाच हव्यात. पहिली, कोणाच्या जन्माला कोणाचा मृत्यू जोडला जाणार नाही कशावरून? तर स्रोत मुद्दामच दुबळा ठेवतात. दहा मायक्रोक्युरीच्या स्रोतातून दोन पॉझिट्रॉनमध्ये सरासरी अडीच-तीन मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं, आणि त्यांचं आयुष्य त्याच्या पंधरा-वीस हजाराव्या हिश्श्याएवढं. म्हणजे पोलादात एका वेळी फार तर एकच पॉझिट्रॉन असतो, आणि बहुतेक वेळा एकही नसतो. दुसरी शंका जास्त खट्याळ. ११० पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम तीन सेंटीमीटर जातो, आणि या घड्याळाची स्वतःची धूसरता असते २०० पिकोसेकंदांच्या आसपास. मग मोजायची गोष्ट मोजपट्टीच्या चुकीपेक्षा लहान नाही का? आहे. एका पॉझिट्रॉनचं वय कोणालाच सांगता येणार नाही. पण धूसरता कशी पसरते ते माहीत असेल आणि दहा लाख किंवा त्याहून जास्त नोंदी असतील, तर त्यांच्या आलेखातल्या उताराच्या आकारातून सरासरी आयुष्य पिकोसेकंदाच्या पातळीवर निघतं. एक उतार निर्दोष भागात संपलेल्यांचा, दुसरा अडकून संपलेल्यांचा. दोन्हींची सरमिसळ गणिताने सोडवायची. पुडीच्या प्लास्टिकमध्ये आणि क्षारातच जे संपले, त्यांचा वाटा वेगळा काढायचा. तीन-चारपेक्षा जास्त उतार एका आलेखातून काढल्याचा दावा दिसला तर मी तरी भुवया उंचावतो. पुरेसे फटके मारले की गणित काहीही कबूल करतं.

याहून मोठी फसगत मात्र आकडेमोडीत नसते, नमुना कापण्यात असते. सोडियमचे पॉझिट्रॉन पोलादात सरासरी तीसेक मायक्रोमीटर आत जातात, थोडे १०० च्या पलीकडे. म्हणजे ते पृष्ठभागालगतचाच थर बघतात. आणि पृष्ठभागाशी आपण काय केलेलं असतं? हॅकसॉ ब्लेडने कापलेलं, पॉलिश पेपरने घासलेलं. कापणं आणि घासणं म्हणजे पोलाद विरूपित करणंच, जबरदस्तीने त्याचा आकार बदलणं. तेव्हा आम्लात किंवा विजेच्या साहाय्याने वरचा थर विरघळवून काढला नाही, तर प्रयोगात पोलादाचा इतिहास उमटत नाही, नमुना तयार करणाऱ्याच्या हाताचा उमटतो. तुलनेसाठी शेजारी एक निवांत नमुनाही लागतो, निर्वातात उच्च तापमानावर तासन्‌तास तापवून हळूहळू गार केलेला.

एवढं सांभाळून विरूपित पोलाद मोजलं तर काय दिसतं? लाटून जाडी थोडी कमी केली की सरासरी आयुष्य झपाट्याने वर चढतं. आणखी लाटत गेलं की चढ मंदावतो आणि शेवटी सपाट होतो. पोलादातले दोष वाढायचे थांबलेले नसतात. पॉझिट्रॉनच संपलेले असतात! जवळजवळ प्रत्येक जण कुठे ना कुठे अडकलेला, मोकळा उरलेलाच नाही, मग आणखी खळगे पडले तरी कळणार कसं? अतिशय विरळ दोष पकडणारी ही पद्धत दाट दोषांपुढे आंधळी होते. तिथे क्ष-किरण आणि सूक्ष्मदर्शकच बरे. दुसरा उपाय म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि प्रत्येक टप्प्यानंतर मोजायचं. कोणते दोष कोणत्या तापमानाला विरतात यावरून ते कोण होते हे उलट ओळखता येतं. आधी पुंजके सुटतात किंवा एकत्र येतात, डिसलोकेशन बरेच उशिरा हटतात, आणि नवे स्वच्छ स्फटिककण तयार झाले की आयुष्य पुन्हा ११० कडे येतं.

एक जुना वाद इथे सांगायलाच हवा. डिसलोकेशनचे १६५ आणि रिकाम्या जागेचे १७५, हे आकडे इतके जवळ कसे? डिसलोकेशनच्या गाभ्यात मोकळी जागा फारशी नसते. नुसत्या रेषेत अडकलेल्या पॉझिट्रॉनचं आयुष्य निर्दोष लोखंडातल्यापेक्षा थोडंच जास्त असायला हवं. बहुतेकांना पटलेलं स्पष्टीकरण असं: रेषा म्हणजे उथळ चर. पॉझिट्रॉन आधी चरात उतरतो, मग चराच्या लांबीने वेगाने घसरत जातो आणि चरातच असलेल्या एखाद्या खड्ड्यात, म्हणजे रेषेला चिकटलेल्या रिकाम्या जागेत किंवा पायरीत, पडतो. आपण मोजतो तो खड्डा, नाव देतो चराचं. म्हणूनच नुसत्या १६५ वर बोट ठेवून ‘इथे डिसलोकेशन आहेत, रिकाम्या जागा नाहीत’ असं म्हणणं धाडसाचं.

साक्ष नुसती वेळेची नसते. पॉझिट्रॉनला भेटलेला इलेक्ट्रॉन पळत असेल, तर ५११ चा आकडा किंचित वरखाली होतो, जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर बदलतो तसा. केंद्रकाजवळचे इलेक्ट्रॉन जोरात पळतात, बाहेरचे सावकाश. खळग्यात बाहेरचेच जास्त भेटतात, म्हणून दोष वाढले की ५११ ची रेघ अरुंद होते. आणि जोरात पळणाऱ्यांची चाल प्रत्येक मूलद्रव्यात वेगळी असल्याने, खळग्याच्या काठावर कोण बसलंय हेही ओळखता येतं. अणुभट्टीच्या दाबपात्राच्या पोलादात अशुद्धी म्हणून थोडं तांबं असलं, तर न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ते गोळा होऊन नॅनोमीटरभर आकाराचे गोळे बनतात आणि पोलाद ठिसूळ होतं. पॉझिट्रॉनला लोखंडापेक्षा तांबं जास्त भावतं, तो त्या गोळ्यांतच जाऊन बसतो आणि तांब्याची खूण दाखवतो.

हायड्रोजनचंही असंच. हायड्रोजन शिरलेलं मजबूत पोलाद अचानक तडकतं, हे जुनं दुखणं. जपानमध्ये मिचिहिको नागुमो आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन असताना आणि नसताना लोखंड ताणून पॉझिट्रॉनने तपासलं. हायड्रोजन असताना त्याच ताणाला रिकाम्या जागा जास्त तयार होत होत्या.

पोलाद विरूपित झालं म्हणजे बिघडलं, असं मात्र प्रत्येक वेळी नाही. १९६७ मध्ये स्टिफन बर्को आणि जॉन अर्स्काइन यांनी विरूपित ॲल्युमिनिअममध्ये पॉझिट्रॉन दोषांत अडकतात असं दाखवलं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या डाउनरे इथल्या, वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या अणुभट्टीत वापरलेल्या स्टेनलेस स्टीलमध्ये बारीक पोकळ्या आढळल्या. न्यूट्रॉनच्या माऱ्याने सुटलेल्या रिकाम्या जागा एकत्र येऊन पोलाद अक्षरशः फुगत होतं. या फुगण्यावर शोधलेला एक उपाय म्हणजे पोलादाला आधीच थंड स्थितीत विरूपित करून ठेवणं. डिसलोकेशनची इतकी दाटी करायची की रिकाम्या जागांना पुंजके करायला सवडच मिळू नये, त्या आधीच त्यात विरून जाव्यात.

तामिळनाडूत कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर अणुभट्टीत इंधनाच्या नळ्यांसाठी निवडलेलं डी-९ हे पोलाद अशाच जातीचं. त्यात क्रोमियम आणि निकेल साधारण पंधरा-पंधरा टक्के, थोडं टायटॅनियम, आणि वर २० टक्के थंड विरूपण. तिथल्याच इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात या पोलादाचे नमुने पायरीपायरीने तापवून पॉझिट्रॉनचं आयुष्य मोजलं गेलं. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे आयुष्य घटत गेलं, दोष विरत होते. मग आणखी तापवल्यावर, जिथे ते घटतच राहायला हवं होतं, तिथे ते पुन्हा वर चढलं. टायटॅनियम नसलेल्या पोलादात हा दुसरा चढ येत नाही. डिसलोकेशनच्या आधाराने टायटॅनियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण जन्माला येत होते, आणि त्यांच्या सीमेवर पॉझिट्रॉनला अडकायला नव्या जागा मिळत होत्या. हेच कण त्या नळीला हवे असतात. डिसलोकेशनना ते जागच्या जागी धरून ठेवतात. नमुना त्याहीपुढे तापवला की कण जाड होतात, संख्येने कमी होतात, आणि आयुष्य दुसऱ्यांदा खाली येतं.